मैदान उरलं, संघ गेला

बँकेत असताना माझ्या टेबलासमोर एकदा दोन सख्खे भाऊ बसले होते. धाकट्याचा धंदा थोरल्याच्या जागेत. भाडं वाढलं आणि भागीदारी मोडायची वेळ आली. दोघं आकड्यांवरून तावातावाने बोलत राहिले आणि मी फाइलवर ‘भाड्यावरून वाद’ असा शेरा मारून मोकळा झालो. पुढे निवृत्तीनंतर जॉन हौल्डिंगची हकिकत वाचनात आली आणि तो शेरा मला खटकू लागला.

आज आपल्याकडची नातवंडंही ज्या लिव्हरपूल क्लबची लाल जर्सी घालून मिरवतात, त्या क्लबचा हा संस्थापक. पण गंमत पाहा, त्याने आधी पैसा आणि जीव लावला तो एव्हर्टनला, म्हणजे लिव्हरपूलच्या आजच्या सख्ख्या शेजाऱ्याला आणि कट्टर प्रतिस्पर्ध्याला!

हौल्डिंग सामान्य घरातला. बीअरच्या कारखान्यात नोकरी करता करता तो स्वतःच कारखानदार झाला. राजकारणात हुजूर पक्षाचा. एव्हर्टन भागात लोक त्याला राजा जॉन म्हणत. तिथल्या एका मेथडिस्ट चर्चच्या तरुणांनी १८७८ मध्ये फुटबॉल सुरू केला, वर्षभरात संघाचं नाव एव्हर्टन झालं. १८८४ मध्ये संघाला नवं मैदान हवं होतं, तेव्हा हौल्डिंगने अॅनफील्डची जागा मिळवून दिली आणि पुढे ती स्वतःच विकत घेतली. खेळाडू कपडे बदलायचे ते त्याच्या सँडन हॉटेलात. मैदानावर खाद्यपेयं विकण्याचा हक्कही त्याचाच.

म्हणजे अध्यक्ष तो, घरमालक तो, सावकार तो आणि दुकानदारही तोच! एकाच माणसाच्या इतक्या सह्या एका कागदावर दिसल्या की बँकवाल्याच्या कपाळाला आठी पडतेच. १८९१ मध्ये एव्हर्टनने लीगचं विजेतेपद पटकावलं, पण तोवर मैदानाचं वार्षिक भाडं १०० पौंडांवरून २५० वर गेलं होतं. विरोधकांचा म्होरक्या जॉर्ज मॅहन पेशाने अकाउंटंट, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, उदारमतवादी पक्षाचा. मेथडिस्टांना दारूचं वावडं आणि इथे तर क्लबचा कर्ताच बीअरवाला. पैशाचा वाद होताच, पण त्याखाली पक्ष होता, धर्म होता, आणि हा क्लब नक्की कोणाचा हा प्रश्न होता.

मार्च १८९२ मध्ये सभासदांनी हौल्डिंगला बाजूला सारलं. संघ उठून स्टॅनली पार्कच्या पलीकडे, गुडिसन पार्कवर गेला. एव्हर्टन हे नाव तरी आपल्याकडे राहावं म्हणून हौल्डिंग झटला, पण फुटबॉल असोसिएशनने ते जाणाऱ्यांनाच दिलं. साठीच्या उंबरठ्यावरच्या या माणसाकडे उरलं फक्त एक रिकामं मैदान.

मैदान विकून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने नवा संघ काढला आणि शहराचंच नाव त्याला दिलं: लिव्हरपूल. जॉन मॅकेनाने स्कॉटलंडहून खेळाडू आणले. सुरुवातीचे शर्ट निळे-पांढरे होते, लाल रंग काही वर्षांनी आला. १८९४ मध्ये लीगमध्ये दोन्ही संघ प्रथमच भिडले आणि एव्हर्टनने ३-० ने बाजी मारली. १९०१ मध्ये मात्र लिव्हरपूल विजेता झाला. मधल्या काळात हौल्डिंग शहराचा लॉर्ड मेयरही होऊन गेला होता.

१९०२ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या नीस इथे त्याचं निधन झालं. अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा द्यायला दोन्ही क्लबांचे खेळाडू होते, असं सांगतात. ज्यांनी घर सोडलं, तेही आले होते.

२०२५ मध्ये एव्हर्टनच्या पुरुष संघाने गुडिसन पार्कही सोडलं आणि तो गोदीजवळच्या नव्या स्टेडियमवर गेला. लिव्हरपूल अजून अॅनफील्डवरच आहे. ही बातमी वाचली, तेव्हा मला पुन्हा ते दोघे भाऊ आठवले. त्यांचं पुढे काय झालं, ते एकमेकांच्या दारी गेले की नाही, हे मी कधी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं.