विश्लेषण : पार्किन्सनच्या रुग्णाने गाडी चालवावी का? आजाराला नाव मिळालेल्या डॉक्टरची गोष्ट

अंबडहून जालन्याला किंवा वडीगोद्रीला जायचे, तर अनेक घरांत मोटारसायकल हेच हक्काचे वाहन. घरातल्या साठीच्या माणसाचा हात थरथरू लागला आणि डॉक्टरांनी पार्किन्सनच्या गोळ्या सुरू केल्या, की गाडीची किल्ली द्यायची की नाही, यावरून वाद होतो. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्यांच्या काळात मोटारी नव्हत्या. तरीही त्यांनी या आजाराचे काही रुग्ण हेरले ते रस्त्यावरच.

कोण होते जेम्स पार्किन्सन?

जन्म ११ एप्रिल १७५५, लंडनच्या हॉक्स्टन भागात. वडील जॉन हेही डॉक्टर. त्यांच्याकडूनच विद्या घेऊन जेम्स यांनी त्याच वस्तीत आयुष्यभर रुग्ण तपासले. सामान्यांना मताचा हक्क हवा म्हणून ते ‘ओल्ड ह्युबर्ट’ या टोपणनावाने पत्रके लिहीत. १७९४ मध्ये राजाच्या हत्येच्या कथित कटाबाबत त्यांची चौकशीही झाली. जीवाश्मांचा त्यांना मोठा नाद होता. १८०७ मध्ये लंडनची भूशास्त्र संस्था स्थापन करणाऱ्यांत ते होते. मुलांनी अपघातांपासून कसे जपावे, यावर १८०८ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिले.

आजार कसा ओळखला?

वयाच्या ६२व्या वर्षी, १८१७ मध्ये त्यांचा ६६ पानी निबंध प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण फक्त सहा. काही जण रस्त्यात भेटलेले, एक तर लांबूनच पाहिलेला. हाताची थरथर, पुढे झुकलेले शरीर, चालता चालता आपोआप धावू लागणारी पावले, असे वर्णन त्यांनी केले. उपाय मात्र मानेजवळून रक्त काढण्यापलीकडे फारसा नव्हता. २१ डिसेंबर १८२४ रोजी त्यांचे निधन झाले. आजाराला त्यांचे नाव मिळाले ते सुमारे अर्ध्या शतकानंतर, फ्रेंच डॉक्टर शार्को यांच्यामुळे.

औषध कधी आले?

या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असते, हे १९६० मध्ये व्हिएन्नात दिसून आले. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपाचे मोठे डोस देऊन रुग्णांच्या हालचाली सुधारल्याचे दाखवले. आजही हेच मुख्य औषध आहे.

गाडीशी संबंध काय?

गोळीचा असर असेपर्यंत हातपाय साथ देतात. आजार जुना झाला की पुढच्या डोसआधीच असर ओसरतो आणि ब्रेकवर पाय उशिरा जातो. दुसरा धोका झोपेचा. प्रॅमिपेक्सॉल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काहींना अचानक डुलकी लागते. अशा गोळ्या घेणाऱ्या आठ रुग्णांना गाडी चालवताना झोप लागून अपघात झाल्याची नोंद अमेरिकेतील डॉक्टरांनी १९९९ मध्ये केली. प्रत्येकालाच असे होत नाही. भीतीपोटी गोळ्या परस्पर बंद करणे तर अधिक घातक.

कायदा काय सांगतो?

निदान झाले म्हणून परवाना आपोआप रद्द होत नाही. मात्र, आपल्या आजारामुळे इतरांना धोका आहे हे माहीत असूनही गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ नुसार गुन्हा आहे. वयाच्या ५५ नंतर परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते, त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. आजार त्याआधीही वाढू शकतो, म्हणून पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहू नये.

घरच्यांनी काय करावे?

गोळी किती वाजता घेतली, असर कधी ओसरला, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का, हे आठवडाभर वहीत लिहावे आणि डॉक्टरांना दाखवावे. नवी गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला, तर डॉक्टरांना विचारेपर्यंत गाडी दुसऱ्याने चालवावी. पार्किन्सन यांच्याकडे ना स्कॅन होता ना रक्ततपासणी. माणसाची चाल नीट पाहूनच त्यांनी आजार ओळखला. तेवढे लक्ष घरचेही देऊ शकतात.