जेसी ओवेन्स

अमेरिकेतील अलाबामा राज्यात ओकव्हिल नावाचे खेडे आहे. तेथे १२ सप्टेंबर १९१३ रोजी जेसी ओवेन्सचा जन्म झाला. त्याचे वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. दहा भावंडांत जेसी सर्वांत धाकटा व प्रकृतीने नाजूक होता. तो नऊ वर्षांचा असताना हे कृष्णवर्णीय कुटुंब पोटामागे ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरी आले.

तेथील शाळेत चार्ल्स रायली नावाचे क्रीडाशिक्षक होते. जेसीच्या पायांतील वेग त्यांनी ओळखला. परंतु शाळा सुटताच जेसीला चार पैसे मिळविण्यासाठी कामावर जावे लागे. म्हणून रायली त्याला रोज सकाळी, शाळा भरण्यापूर्वीच, धावण्याचे शिक्षण देऊ लागले. १९३३ साली शिकागो येथील आंतरशालेय स्पर्धेत जेसीने १०० यार्डांचे अंतर ९.४ सेकंदांत काटून जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

आता अनेक विद्यापीठे त्याला बोलावू लागली. पण निवड सोपी नव्हती. देशात भयंकर मंदी होती आणि घरी दारिद्र्य होते. वडिलांना नोकरी मिळाली, तेव्हाच घर चालण्याची चिंता मिटली व जेसीला पुढे शिकता आले. त्याने आपल्याच राज्यातील, कोलंबस येथील ओहायो राज्य विद्यापीठ निवडले. तेथे कृष्णवर्णीयांना सापत्न वागणूक मिळते, म्हणून त्यांच्या काही वृत्तपत्रांनी या निवडीवर टीका केली.

ती टीका निराधार नव्हती. विद्यापीठाच्या वसतिगृहात जेसीला जागा मिळाली नाही. प्रवासात संघातील गोरे खेळाडू ज्या उपाहारगृहात जेवत, तेथे त्याला अनेकदा प्रवेश नसे. क्रीडा-शिष्यवृत्तीही नव्हती, म्हणून तो विधिमंडळाच्या इमारतीत मालाची लिफ्ट चालवून शिक्षणाचा खर्च भागवीत असे. मात्र लॅरी स्नायडर यांच्यासारखा साक्षेपी मार्गदर्शक त्याला तेथेच लाभला. धावेचा आरंभ कसा करावा, उडी घेताना शरीर कसे तोलावे, हे त्यांनी चिकाटीने शिकविले.

२५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे पाठ दुखत असतानाही जेसीने पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले व एकाची बरोबरी केली. त्यांपैकी ८.१३ मीटर लांब उडीचा विक्रम पंचवीस वर्षे अबाधित राहिला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याने चार सुवर्णपदके जिंकली. वंशश्रेष्ठत्वाचा डांगोरा पिटणाऱ्या हिटलरच्या राजधानीतच हा पराक्रम घडला.

परंतु कीर्तीने पोट भरत नाही. मायदेशी परतल्यावर पैशांची मोठमोठी आश्वासने फोल ठरली. उपजीविकेसाठी त्याला घोड्यांबरोबरही शर्यती लावाव्या लागल्या. पदवी अपुरी राहिल्याची खंत मनात होतीच. म्हणून १९४० मध्ये तो पुन्हा त्याच विद्यापीठात दाखल झाला. पण अभ्यासाचा तुटलेला धागा काही जुळला नाही. पुढे १९७२ साली त्या विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. ३१ मार्च १९८० रोजी त्याचे निधन झाले.

ज्या विद्यापीठाने त्याला एकेकाळी वसतिगृहात जागा दिली नाही, तेथील क्रीडांगण आज त्याच्याच नावाने ओळखले जाते.