बायेरिंक आणि तंबाखूचे पान

तंबाखूच्या व्यापारात वडिलांचे दिवाळे निघाले आणि पुढे त्याच तंबाखूच्या रोगट पानाने मुलाचे नाव विज्ञानात कायमचे कोरले. मार्टिनस बायेरिंक यांचा जन्म १८५१ साली ॲमस्टरडॅमला झाला. वागेनिंगेनच्या कृषी शाळेत ते शिकवत होते, तेव्हा तेथे अडॉल्फ मायर तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या मोझॅक रोगाचा अभ्यास करत होते. बायेरिंक यांनीही त्यात जिवाणू शोधला. पण तो सापडला नाही.

पुढे डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरी करताना १८८८ साली त्यांनी शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू वेगळे केले. १८९५ मध्ये ते प्राध्यापक झाले. लग्न केले नाही. प्रयोगशाळा हाच संसार. विद्यार्थ्यांना मात्र त्यांचा धाकच वाटे.

जुने अपयश त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. त्यांनी रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. तो रस टोचल्यावर निरोगी झाड आजारी पडले. त्या झाडाच्या रसाने दुसरे, मग तिसरे. विष असते तर ते पातळ होत संपले असते. हे तर वाढत होते. मात्र बाटलीत नाही, झाडाच्या जिवंत, वाढत्या पेशींतच. १८९८ साली त्यांनी हा निष्कर्ष मांडला आणि या घटकाला व्हायरस म्हटले. तो द्रवरूप आहे, हा त्यांचा समज मात्र चुकीचा ठरला. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी त्याचे स्फटिक मिळवले. ते पाहायला बायेरिंक नव्हते. १९३१ च्या पहिल्याच दिवशी त्यांचे निधन झाले होते.

विषाणूला जिवंत पेशीच का लागते, याचे उत्तर आज झाडाच्या प्रथिनांत मिळते. विषाणूकडे स्वतःची प्रथिने मोजकीच असतात. बाकीचे काम तो झाडाच्या प्रथिनांकडून करून घेतो. पेशीला तिचे स्वतःचे संदेश वाचायला मदत करणारे ईआयएफ४ई हे असेच एक प्रथिन. मिरची, वाटाण्याच्या काही वाणांत त्याची घडण किंचित वेगळी असते. त्यामुळे पोटीव्हायरस गटातील काही विषाणूंना ते वापरता येत नाही आणि पीक वाचते.

विषाणूग्रस्त पिकाला बरे करणारे फवारणीचे औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. म्हणूनच असे रोगप्रतिकारक वाण मोलाचे आहेत. विषाणूला झाडावाचून वाढता येत नाही, हे बायेरिंक यांनी ओळखले होते. आज त्याच परावलंबनावर नेम धरला जातो.