माळरानावरच्या घराची कथाकार

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ७ फेब्रुवारी १८६७ रोजी जन्मलेल्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे बालपण स्थलांतरातच गेले. १८६२च्या कायद्यानुसार पाच वर्षे राहून कसणाऱ्यास १६० एकर सरकारी जमीन मिळे. वडिलांनी डाकोटात अशी जमीन घेतली. त्याआधीची टोळधाड, बहीण मेरीचे अंधत्व, पुढे १८८०-८१चा भीषण हिवाळा. कुटुंबाने सारे सोसले.

हे अनुभव लॉरा यांनी कन्या रोझ यांच्या साहाय्याने कादंबऱ्यांत मांडले. १९३२मध्ये पहिले पुस्तक आले, तेव्हा त्यांचे वय ६५ होते. पुढे काय झाले, असे विचारणाऱ्या मुलांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. १० फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

ओसेज या मूलनिवासींच्या भूमीवरही हे कुटुंब राहिले होते. मूलनिवासींच्या चित्रणावरील आक्षेपांमुळे २०१८मध्ये त्यांच्या नावाच्या बालसाहित्य पुरस्काराचे नाव बदलले गेले. बालवाचकांनी मात्र ते घर विसरलेले नाही.