टिळकांचा कॉलेजत्याग

लोकमान्य टिळकांचे नाव घेताच आपणांपुढे मंडालेचा तुरुंग उभा राहतो. गणिताचे प्राध्यापक टिळक मात्र विस्मृतीत जातात. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष व्यायामात घालवून शरीर कमावणारा हा तरुण १८८० साली चिपळूणकर, आगरकर प्रभृतींसह न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यास लागला. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उदयास आले. आजीव सभासदांनी अल्प वेतनात भागवावे, बाहेरची मिळकत करू नये, हा टिळकांचा आग्रह होता. सहकाऱ्यांशी मतभेद विकोपास गेले आणि १८९० साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, स्वहस्ते उभारलेली संस्था त्यांनी सोडली. पुढे कायद्याचे वर्ग चालवून त्यांनी चरितार्थ केला व ‘केसरी’ कर्जासह अंगावर घेतला. आगरकर, गोखले कॉलेजात राहिले आणि कॉलेज वाढतच गेले.

बंगळूरच्या आपल्या मंडळातूनही बदलीच्या हुकमाने कित्येक कार्यकर्ते अकस्मात गेले. आमचे जाणे हुकमाचे, टिळकांचे तत्त्वाचे. परंतु मागे राहिलेल्यांनी कार्य खंडू दिले नाही, हे दोन्हीकडे सारखेच. सुवर्णमहोत्सवी वर्षी आम्ही गेलेल्यांचे आणि राहिलेल्यांचेही ऋण मानतो.