बंदूक ठेवून कॅमेरा घेणारे जिम कॉर्बेट

नरभक्षक वाघांचे कर्दनकाळ म्हणून जिम कॉर्बेट सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस येथे त्यांच्या छायाचित्रणाच्या छंदाविषयी सांगावयाचे आहे.

त्यांचा जन्म १८७५ साली नैनिताल येथे झाला. १९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिने ४३६ बळी घेतले होते, असे सांगतात. पुढे वनाधिकारी चॅम्पियन यांची व्याघ्रचित्रे पाहून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. नरभक्षकांसाठी मात्र १९३८ पर्यंत बंदूक उचलावीच लागली.

चलच्चित्राच्या यंत्राची घरघर ऐकून वाघ बिचकत. म्हणून कॉर्बेटांनी अरण्यातील ओढ्यास लहान लहान बांध घातले. पडत्या पाण्याच्या आवाजात ती घरघर बुडाली आणि कित्येक महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर वाघ चित्रफितीत आले. व्याघ्रचर्म एकाच्याच भिंतीवर राहते. चित्राचा आनंद सर्वांस लाभतो, शिवाय वाघही जिवंत राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९३६ साली स्थापन झालेले हिंदुस्थानातील पहिले राष्ट्रीय उद्यान पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. १९५५ साली केनियात त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, सहलीस निघताना कॅमेरा आपण आठवणीने घेतो. कॉर्बेटांची सबुरी मात्र घरीच विसरतो.