जॉन ब्राउनिंग: पिस्तूल खिशात मावेल इतकं लहान करणारा माणूस

बीजीएमआय खेळत असाल तर पी१९११ हे पिस्तूल, एस१८९७ ही शॉटगन आणि विन९४ ही रायफल तुमच्या हातात कधी ना कधी आलीच असेल. ही नावं खऱ्या बंदुकांवरून घेतली आहेत आणि आकडे म्हणजे त्या बंदुकांच्या मॉडेलची वर्षं: १९११, १८९७ आणि १८९४. आता गंमत बघा. या तिन्ही खऱ्या बंदुका एकाच माणसाने डिझाइन केल्या होत्या. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

बंदुकांसाठी त्याच्या नावावर १२८ पेटंट आहेत. त्या सगळ्यांबद्दल लिहायला गेलो तर हा लेख संपणार नाही. म्हणून आज एकाच कामाबद्दल बोलू: कपड्यांखाली लपेल असं पिस्तूल. स्वसंरक्षणासाठी कोणतं पिस्तूल घ्यावं, असा प्रश्न आज कुणी विचारला तर उत्तर आकार, ताकद आणि सुरक्षितता या तीन गोष्टींत शोधावं लागतं. या तिन्हींचं गणित ब्राउनिंगने शंभरेक वर्षांपूर्वी मांडून ठेवलं आहे.

भंगारातून सुरुवात

हार्बर लाइनवर रे रोडला उतरून बंदराच्या दिशेने गेलं की दारूखाना लागतो. जुन्या मराठीत दारू म्हणजे बंदुकीची दारू, हे लक्षात घेतलं की नावाचा अर्थ कळतो. आज तिकडे जहाजं तोडण्याचं काम चालतं आणि पाइप, प्लेटा, शाफ्ट, व्हॉल्व्ह अशा लोखंडी मालाचे ढीग दिसतात. ज्याला वस्तू कशी चालते हे बघायची खोड आहे, त्याच्यासाठी तो ढीग म्हणजे शाळाच.

ब्राउनिंगची शाळाही अशीच होती. त्याचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. घर मॉर्मन पंथाचं. वडिलांच्या तीन बायका आणि मिळून २२ मुलं. दुकानात मोडक्या बंदुकांचे सुटे भाग पडलेले असायचे. दहा वर्षांच्या जॉनने त्यातली एक टाकून दिलेली नळी उचलली, तिला लाकडाचा दांडा तारेने बांधला, धाकट्या भावाला, मॅटला, सोबत घेतलं आणि रानकोंबड्या मारून आणल्या, असं त्याच्या घरच्यांनी नंतर सांगितलं आहे.

इंजिनिअरिंगची डिग्री त्याच्याकडे नव्हती. शाळाही साधारण पंधराव्या वर्षी सुटली. १८७९ मध्ये त्याचं लग्न झालं, त्याच वर्षी वडील वारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं. ते होतं एकेक गोळी भरून मारायच्या रायफलचं. भावांना घेऊन त्याने ऑग्डेनमध्येच छोटा कारखाना टाकला. १८८३ मध्ये विन्चेस्टर कंपनीचे टी. जी. बेनेट स्वतः ट्रेनने ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलरला त्या रायफलचे हक्क घेऊन गेले. पुढची जवळजवळ वीस वर्षं ब्राउनिंग डिझाइन करायचा आणि विन्चेस्टर एकरकमी पैसे देऊन ते विकत घ्यायची. गेममधली विन९४ आणि एस१८९७ याच काळातली.

वाया जाणारी ताकद

१८८९ च्या सुमारास त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. गोळी सुटताना नळीच्या तोंडातून गॅसचा झोत येतो आणि समोरचं गवत वाकतं. म्हणजे इतकी ताकद फुकट जाते आहे. मग पुढची गोळी भरायचं काम तिच्याकडूनच का करून घेऊ नये?

तोवर हातात धरायचं शस्त्र म्हणजे मुख्यतः रिव्हॉल्व्हर. त्यात पाच-सहा गोळ्यांचं गोल चक्र असतं. रिव्हॉल्व्हर भरवशाचं, पण ते चक्र जाड असल्यामुळे खिशात उठून दिसतं. ब्राउनिंगने गोळ्या पकडीच्या आत, एकावर एक रचलेल्या मॅगझिनमध्ये घातल्या. आणि नळीवर एक सरकणारा धातूचा भाग बसवला. आज सगळे त्याला स्लाइड म्हणतात.

हे चालतं कसं ते बघू. काडतूस फुटलं की गोळी पुढे जाते आणि रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते. तो धक्का स्लाइडला मागे नेतो. मागे जाताना स्लाइड रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढच्या गोळीसाठी घोडा ताणून ठेवते. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि पुढे येताना ती मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सरकवते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

काडतूस लहान असेल तर स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागतं. काडतूस जोरदार असेल तर स्लाइड फार लवकर उघडून चालत नाही. गोळी बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून राहायला हवेत. त्यासाठी जास्त भाग लागतात, जास्त धातू लागतो, पिस्तूल मोठं होतं. खिशातलं पिस्तूल कमी ताकदीचं का असतं, याचं मूळ इथे आहे.

बेल्जियमची वाट

१८९७ मध्ये बेल्जियमच्या हेर्स्ताल गावातल्या एफएन कंपनीशी त्याचा करार झाला. अमेरिकेत त्याची पिस्तुलं कोल्ट कंपनी बनवणार आणि युरोपात एफएन, अशी वाटणी ठरली. एफएनचं १९०० चं मॉडेल आलं ते त्याच्याच .३२ काडतुसासाठी. ते युरोपभर इतकं खपलं की फ्रेंच भाषेत ब्राउनिंग हा शब्दच पिस्तूल या अर्थाने वापरला जाऊ लागला. आपल्याकडे फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात, तसंच.

१९०२ मध्ये विन्चेस्टरशी फाटलं. नव्या ऑटोमॅटिक शॉटगनसाठी ब्राउनिंगला विक्रीमागे रॉयल्टी हवी होती, कंपनीला एकरकमी सौदा. तो शॉटगन घेऊन रेमिंग्टन कंपनीच्या प्रमुखांना भेटायला गेला. तो बाहेर थांबलेला असतानाच हृदयविकाराने ते प्रमुख वारले. ब्राउनिंग जहाजात बसून थेट बेल्जियमला गेला आणि एफएनने ती शॉटगन घेतली.

खिशासाठी काय सोडलं, काय धरलं

१९०३ मध्ये कोल्टने त्याचं खिशातलं पिस्तूल काढलं. त्यात घोडा स्लाइडच्या आत लपवलेला होता, म्हणजे बाहेर काढताना कापडात अडकणार नाही. मुंबईच्या बोलीत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, पण या पिस्तुलात घोडा बाहेरून दिसतच नाही.

मग १९०६ चं एफएनचं छोटं मॉडेल आलं. लांबी साधारण साडेअकरा सेंटिमीटर. तुमचा फोन बहुधा पंधरा-सोळा सेंटिमीटरचा असेल. वजन ३७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन फोनांएवढं. मॅगझिनमध्ये सहा गोळ्या. पण काडतूस .२५ चं, फारच कमी ताकदीचं. नळी आखूड, त्यामुळे नेम धरणं अवघड. पकड लहान, त्यामुळे हातात पक्कं बसत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला त्याचं १९११ चं पिस्तूल, गेममधलं पी१९११. काडतूस .४५ चं, लांबी जवळपास २२ सेंटिमीटर, वजन १.१ किलो. मार्च १९११ मध्ये अमेरिकन लष्कराने चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या. पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. ते एकदाही अडकलं नाही. पण ते शर्टाखाली दिवसभर घेऊन फिरून बघा!

म्हणजे लपवायचं असेल तर ताकद आणि नेम सोडावा लागतो, ताकद हवी तर वजन सोसावं लागतं. ब्राउनिंगने यातली कुठलीच बाजू फुकटात मिळवून दिली नाही. त्याने फक्त प्रत्येक आकारात उत्तम काय होऊ शकतं ते बनवून दाखवलं.

तिसरी गोष्ट सुरक्षितता. खिशात भरलेलं पिस्तूल म्हणजे स्वतःच्याच मांडीला धोका. यावर त्याच्या अनेक पिस्तुलांत पकडीच्या मागे एक दाबपट्टी असायची. हाताने मूठ आवळून धरलं तरच ती दाबली जाते आणि ट्रिगर चालतो. नुसता ट्रिगर कुठे अडकला, तर गोळी सुटत नाही.

पण एक फरक लक्षात घ्या. तुमचा फोन बोट कोणाचं आहे ते तपासतो. ब्राउनिंगची दाबपट्टी फक्त हात आहे एवढंच बघते. तो हात कोणाचा, हे तिला कळत नाही.

हात कोणाचा?

रे रोडपर्यंत रेल्वे आली डिसेंबर १९१० मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, १९०९ च्या सुरुवातीला, लंडनच्या इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मुंबईला परतला. त्याच्या पेटीच्या चोरतळाखाली विनायक सावरकरांनी पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुलं होती. आकार लहान होता म्हणूनच हे जमलं. त्यातलं एक अनंत कान्हेरे या तरुणाच्या हाती पोचलं. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये शारदा नाटकाच्या प्रयोगाला कलेक्टर जॅक्सन आला, तेव्हा कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली.

२८ जून १९१४ ला सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं तेही ब्राउनिंगच्या १९१० च्या मॉडेलने. त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. त्या पिस्तुलात .३८० चं काडतूस होतं, तेही ब्राउनिंगचंच. ३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसेने गांधीजींवर झाडलेल्या तीन गोळ्या बेरेटा पिस्तुलातून सुटल्या, पण काडतूस त्याच मापाचं होतं.

१९१४ पर्यंत एफएनने दहा लाख ब्राउनिंग पिस्तुलं बनवली होती आणि बेल्जियमच्या राजाने त्याला सन्मान दिला होता. महायुद्धात अमेरिका उतरल्यावर त्याने आपल्या मशिनगनचे आणि ऑटोमॅटिक रायफलचे हक्क सरकारला ७,५०,००० डॉलरला दिले. रॉयल्टी घेतली असती तर याच्या कितीतरी पट पैसे झाले असते. रॉयल्टीसाठी विन्चेस्टर सोडणारा हाच माणूस. त्याचा मुलगा व्हॅल ती रायफल घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर गेला.

२६ नोव्हेंबर १९२६ ला हेर्स्तालच्या कारखान्यात, व्हॅलच्या ऑफिसमध्ये, हृदय बंद पडून ब्राउनिंग गेला. वय ७१. तेव्हाही एका नव्या ९ एमएम पिस्तुलाचं काम अर्धं होतं. एफएनच्या द्यूदोने सेव्हने ते १९३५ मध्ये पुरं केलं. तेच पिस्तूल पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनू लागलं आणि भारतीय सैन्य आणि पोलिसांच्या कमरेला आलं.

आज आपल्याकडे काय?

भारतात लायसन्स असलेल्या सामान्य माणसाला ९ एमएम मिळत नाही. तो मुख्यतः .३२ च्याच आसपास असतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं २०१४ मध्ये आलेलं निर्भीक रिव्हॉल्व्हरही .३२ चंच. वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या जवळ.

लायसन्ससाठी वय किमान २१ हवं, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण हवं आणि जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. मुंबईत अर्ज पोलिस आयुक्तालयाकडे जातो. बाहेर नेताना शस्त्र होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं हवं. दाखवत फिरणं चालत नाही. लायसन्सशिवाय पिस्तूल जवळ ठेवलं तर सरळ तुरुंग. कुणीतरी कुठूनतरी आणून देतो म्हणाला, तर तिथेच नाही म्हणा.

आणि लायसन्स असेल तरी ब्राउनिंगचं गणित आठवा. लहान पिस्तुलाने नेम धरायला सगळ्यात जास्त सराव लागतो आणि लोक नेमकं तेच कमी सरावाचं समजून घेतात. संध्याकाळच्या हार्बर लोकलमध्ये, दोन माणसांत बोटभर जागा नसताना, चुकलेली गोळी कुणाला तरी लागणारच. तिथे ११२ डायल करणारा फोन जास्त कामाचा.

पेटीतून मुंबईत आलेल्या त्या २० पिस्तुलांना आपला मालक कोण हे माहीत नव्हतं. अमेरिकेत आता बोटाचा ठसा आणि चेहरा ओळखणारं पिस्तूल विकायला आलं आहे, पण बहुतेक पिस्तुलं अजून ब्राउनिंगच्याच वळणाची आहेत. मूठ आवळली की चालतात, मग ती मूठ तुमची असो, घरातल्या लहान मुलाची असो, किंवा ते तुमच्याकडून हिसकावून घेणाऱ्याची.